पालटकाल आणि स्थितिकाल : पडद्यावरील गतिजन्य धूसरतेचा विचार

शास्त्रीय व्यवहारात एकच शब्द दोन भिन्न गोष्टींना लावला जाऊ लागला म्हणजे केवळ भाषेतच नव्हे, तर विचारातही गोंधळ माजतो. याचे एक अलीकडचे उदाहरण संगणकाच्या पडद्यांच्या बाजारात आढळते. संगणकीय खेळांसाठी खास तयार केलेले पडदे, ज्यांना सर्वत्र ‘गेमिंग मॉनिटर’ असे म्हटले जाते, ते आज १४४, २४०, क्वचित ४८० हर्ट्झ अशा आकड्यांनी विकले जातात. आणि त्यांच्या खोक्यांवर ‘१ मिलिसेकंद’ ही अक्षरे बहुधा ठळकपणे छापलेली असतात. घेणाऱ्याची समजूत अशी होते की, पडद्यावरील चित्र एक सहस्रांश सेकंदात बदलत असल्यामुळे वेगाने सरकणारी आकृती आता स्वच्छ, रेखीव दिसेल. घरच्या बेताच्या मिळकतीतून काढून दिलेली रक्कम त्या एका आकड्यावर खर्च होते. नंतर पडदा घरी येतो, खेळ सुरू होतो, आणि सरकणारी आकृती पूर्वीइतकी नसली तरी फराटलेलीच दिसते. पडदा बिघडलेला नसतो आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीतही दोष नसतो. खोक्यावरील आकडाही सामान्यतः खोटा नसतो. तो आकडा कोणत्या काळाचा, एवढेच काय ते कोणी सांगितलेले नसते.

धूसरता नेमकी कोठे उत्पन्न होते हे समजून घेण्यासाठी काही काळ पडद्यापासून दूर जाणे उपयुक्त ठरेल. कर्जत स्थानकातून खोपोलीकडे निघालेल्या लोकलच्या खिडकीशी बसून रुळांलगतच्या खडीकडे पाहावे. दृष्टी खिडकीच्या गजावर खिळवून ठेवली, तर गाडीने थोडा वेग घेताच खडीचे निरनिराळे दगड दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी करड्या रेघा उमटतात. उलट, एखाद्या दगडावर नजर रोवून ती त्याच्याबरोबर मागे जाऊ दिली, तर क्षणभर तो दगड आपल्या कडा-कंगोऱ्यांसह स्पष्ट दिसतो. मग डोळा झटक्याने पुढे येतो व दुसरा दगड पकडतो. डोळ्याच्या या हालचालीला नेत्रविज्ञानात ‘रेल्वे निस्टॅग्मस’ असे रेल्वेवरूनच पडलेले नाव आहे. दोन्ही वेळी गाडीचा वेग तोच असतो आणि खडीही तीच असते. फरक पडतो तो दृष्टिपटलावरील प्रतिमेत. पहिल्या वेळी ती सरकत असते, दुसऱ्या वेळी ती जवळजवळ स्थिर असते. दृष्टिपटलावर पडणारा प्रकाश काही काळ साठवूनच डोळा व मेंदू त्याचे चित्र बनवितात. तेवढ्या काळात प्रतिमा सरकली तर ती सरकण्याच्या दिशेने पसरते. तात्पर्य, धूसरता ही वस्तूच्या गतीपासून नव्हे, तर वस्तू आणि नजर यांच्या सापेक्ष गतीपासून निर्माण होते.

आता पडद्याकडे वळू. पडद्यावर वस्तुतः काहीच सरकत नसते. ६० हर्ट्झचा पडदा दर सेकंदास साठ स्थिर चित्रे दाखवितो. प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी उभे असते, मग त्याची जागा दुसरे घेते. या चित्रांतून गतीचा भास निर्माण होतो आणि डोळा त्या भासाला प्रमाण मानून आकृतीच्या मागे सारख्या वेगाने फिरू लागतो. येथेच विसंगती उद्भवते. नजर अखंड सरकत आहे, पण चित्र मात्र १६.७ मिलिसेकंद हललेलेच नाही. खिडकीतल्या प्रवाशाची स्थिती येथे उलटी झाली. तेथे नजर स्थिर व दगड चालता होता. येथे दगड स्थिर व नजर चालती आहे. दृष्टिपटलाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच, म्हणजे फराटा.

या फराट्याची लांबी मोजणे कठीण नाही. आकृतीचा वेग आणि एका चित्राचा उभे राहण्याचा काळ यांचा गुणाकार केला की ती मिळते. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावरून एखादी आकृती दोन सेकंदांत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, तर तिचा वेग सेकंदाला ९६० बिंदू होतो. ६० हर्ट्झवर फराटा १६ बिंदूंचा, १२० वर ८ बिंदूंचा, २४० वर ४ बिंदूंचा आणि ४८० वर २ बिंदूंचा पडेल. सोळा बिंदू म्हणजे क्षुल्लक असे वाटण्याचा संभव आहे. परंतु २४ इंची पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलेल्या मनुष्याच्या डोळ्याशी हे सोळा बिंदू सुमारे २५ कोनीय कलांचा कोन करतात. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचा कोन सुमारे ३१ कलांचा असतो. निरोगी डोळा एका कलेच्या अंतरावरील दोन रेषा वेगळ्या ओळखू शकतो हे ध्यानात घेतले, म्हणजे तक्रार किती रास्त आहे ते कळते. सरकणाऱ्या फलकावरील अक्षरे वाचणे, किंवा खेळात वळता वळता झुडपाआड उभी असलेली आकृती ओळखणे, एवढ्या फराट्यातून शक्य होत नाही.

ही अडचण जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचात फारशी नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हाचे संच सेकंदाला पन्नास वेळाच पडदा रंगवीत. पण इलेक्ट्रॉनांचा झोत जेथे पडे तेथील लेप क्षणभर उजळून लगेच मंदावे. चित्राचा प्रत्येक बिंदू पुढचा झोत येईपर्यंत बहुतांश काळ अंधारातच असे. त्यामुळे नजर सरकत असली तरी फराटा ओढला जाण्याइतका वेळ उजेडच टिकत नसे. त्या संचांचे चित्र लुकलुके आणि नजरेच्या कडेला ते विशेष जाणवे, हा त्याचा दुसरा परिणाम. द्रवस्फटिकी पडदे आले, लुकलुक गेली, आणि तिच्या जागी फराटा आला. नव्या सपाट पडद्यावर क्रिकेटचा चेंडू जुन्या संचाइतका स्वच्छ दिसत नाही असे त्या काळी म्हणणारे प्रेक्षक सामान्यतः जुन्याची आवड असलेले म्हणून हसण्यावारी नेले गेले. त्यांचे निरीक्षण मात्र बरोबर होते. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेतील कुरिता यांनी या ‘धरून ठेवणाऱ्या’ पडद्यांच्या दोषाची शास्त्रशुद्ध चिकित्सा या शतकाच्या आरंभी मांडलेली आहे.

येथपर्यंत विवेचन केलेला काळ हा चित्र उभे असण्याचा काळ होय. खोक्यावर छापलेला काळ बहुधा हा नसतो. द्रवस्फटिकी पडद्यातील प्रत्येक बिंदूला एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यास काही वेळ लागतो, कारण स्फटिकाचे रेणू विद्युत्‌दाबानुसार वळावे लागतात. या वेळाला उत्पादक ‘रिस्पॉन्स टाइम’ म्हणतात, आणि तो मोजताना पूर्ण पालट न धरता सामान्यतः १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचाच भाग धरतात. हा आकडा १ मिलिसेकंद असला तरी, पालटून झालेले चित्र पुढे ६० हर्ट्झवर जवळजवळ १६ मिलिसेकंद उभेच राहणार. फराटा मुख्यतः त्या उभे राहण्यातून येतो.

या दोन काळांतील भेद मराठी भाषकास नवा वाटण्याचे कारण नाही. तो भेद मराठीच्या क्रियापदांत मुरलेला आहे. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला येते तेव्हा ‘गाडी उभी राहिली’ आणि ‘गाडी उभी आहे’ ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पहिले वाक्य पालटाचे आहे: वेग कमी होत होत चाके थांबली. दुसरे वाक्य स्थितीचे आहे: बोरघाट चढण्यासाठी मागे बँकर इंजिन जोडले जाईपर्यंत गाडी फलाटावर आहे आणि प्रवाशाला वडा घेण्यास अवकाश आहे. गाडी किती झटकन थांबली यावरून ती किती वेळ थांबून राहील याचा अंदाज करता येत नाही. ‘दिवा लागला’ आणि ‘दिवा लागलेला आहे’ यांतही हाच भेद दिसून येतो. पडद्यांच्या इंग्रजी जाहिरातींमध्ये मात्र दोन्ही काळ ‘मिलिसेकंद’ या एकाच मापाखाली, पुष्कळदा विशेषणाशिवाय, छापले जातात. शिवाय काही खोक्यांवरील ‘१ मिलिसेकंद’ हा पालटाचा काळ असतो, तर काहींवर तो सरकत्या चित्रावरून मोजलेला, म्हणजे स्थितीचा काळ असतो. दोन पडदे शेजारी मांडले तर दोहोंवर आकडा एकच आणि अर्थ मात्र अगदी भिन्न! यास्तव प्रस्तुत विवेचनात पहिल्यास ‘पालटकाल’ व दुसऱ्यास ‘स्थितिकाल’ अशी दोन नावे योजिली आहेत. नावे कोणतीही चालतील, ती दोन असणे अवश्य आहे.

स्थितिकाल हेच मुख्य कारण असे ठरल्यावर उपायांचे मार्गही दोनच उरतात. एक तर सेकंदाला अधिक चित्रे दाखवावीत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येईल. अथवा चित्रे तेवढीच ठेवून दोन चित्रांच्या मध्ये अंधार करावा.

पहिला मार्ग सरळ आहे, परंतु खर्चाचा आहे. पडदा २४० हर्ट्झचा असला तरी संगणक सेकंदाला साठच चित्रे तयार करीत असेल, तर प्रत्येक चित्र चार वेळा तसेच दाखविले जाईल, स्थितिकाल १६.७ मिलिसेकंदच राहील. पडद्यावर खर्च करून संगणकाचे चित्रकार्ड जुनेच ठेवणाऱ्यांची निराशा यामुळे होते. शिवाय लाभ उत्तरोत्तर घटत जातो. ६० वरून १२० वर गेल्यास वरील उदाहरणातील फराटा आठ बिंदूंनी कमी होतो, २४० वरून ४८० वर गेल्यास दोनच बिंदूंनी. फराटा एका बिंदूपर्यंत आणण्यासाठी त्याच वेगाला सुमारे १००० हर्ट्झ लागतील.

दुसऱ्या मार्गाचे तत्त्व समजण्यास खालापूर तालुक्यातील खोपोलीचे विद्युत्‌गृह साहाय्यकारी ठरेल. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोली येथे आणि १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे वीज निर्माण करण्यास प्रारंभ केला. भारतातील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शून्यावर येतो. म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा वाढतो व घटतो. अशा ट्यूबखाली पेन्सिल वेगाने हलविली की सलग पट्ट्याऐवजी पंख्यासारखी अनेक वेगवेगळ्या पेन्सिलींची रांग दिसते. उजेड अखंड असता तर पट्टाच दिसला असता. खंडित उजेडाने वस्तूचे त्या त्या क्षणाचे ठसे सुटे केले. पडद्यामागच्या दिव्याने नेमके हेच करावयाचे असते. चित्र पालटत असताना दिवा बंद ठेवावा, पालट पुरा झाला की तो एखाद-दुसरा मिलिसेकंद लावावा, पुन्हा विझवावा. डोळा सरकत राहतो. पण उजेडच क्षणिक असल्याने फराटा ओढला जात नाही. १२० हर्ट्झच्या पडद्यात दिवा १ मिलिसेकंदच लावला, तर वरील उदाहरणातील फराटा आठ बिंदूंवरून एका बिंदूवर येतो. म्हणजे काचनळीच्या संचाचा जुना गुण नव्या पडद्याला कृत्रिमपणे परत दिला जातो.

या सोयीचा इतिहास गमतीचा आहे. एनव्हिडिया या कंपनीने २०११ साली ‘लाइटबूस्ट’ नावाची योजना आणली ती त्रिमितीय चष्म्यांसाठी. साध्या चित्रातही तिने धूसरता जाते, हे खेळाडूंनी वापरातून शोधून काढले. पुढे २०१३ पासून तिचे ‘यूएलएमबी’ हे रूप आले, बेनक्यूने ‘डायॅक’ आणि एसुसने ‘ईएलएमबी’ अशी नावे दिली. पूर्वी एका नावाखाली दोन गोष्टी दडल्या होत्या. येथे एकाच गोष्टीला अनेक नावे मिळाली. दुकानात तुलना करू पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच त्रासदायक.

या उपायाची किंमत मात्र नीट समजून घेतली पाहिजे. पहिली किंमत उजेडाची. लुकलुक जाणवेनाशी झाली की डोळ्याला दिसणारी तेजस्विता ही सरासरी तेजस्विता असते, असा टॅल्बट व प्लॅटो यांचा नियम आहे. ८.३ मिलिसेकंदांपैकी एकच मिलिसेकंद दिवा लागला, तर पडदा मूळच्या सुमारे अष्टमांश उजेडाचा दिसेल. दिवा तेवढा प्रखर केला तरच ही तूट भरून निघेल. दुसरी किंमत डोळ्यांची. लुकलुक जाणवण्याची मर्यादा व्यक्तिपरत्वे व तेजस्वितेनुसार बदलते. कित्येकांना १०० हर्ट्झच्या वर काहीच जाणवत नाही, तर काहींचे डोके दुखू लागते. अशांनी हा उपाय निःशंकपणे सोडून द्यावा. तिसरी अडचण मेळाची. दिवा १२० वेळा लुकलुकत असताना संगणक ६० चित्रेच देत असेल, तर प्रत्येक चित्र दोनदा उजळते आणि मधल्या अवधीत नजर आठ बिंदू पुढे गेलेली असते; एकाऐवजी दोन कडा दिसतात. धूसर एक आकृती बरी की स्पष्ट जुळी बरी, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न. पण असा पर्याय पुढे येऊ नये हेच बरे. याच कारणाने चित्रांचा दर खेळाच्या ओघात कमीजास्त होऊ देणाऱ्या पडद्यांत ही योजना सहज बसत नाही. दोहोंची सांगड घालणारी ‘पल्सर’ ही योजना एनव्हिडियाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली.

पालटकाल आपले खरे महत्त्व या ठिकाणी प्रकट करतो. दिवा लागण्यापूर्वी पालट पुरा झाला नसेल, तर मागच्या चित्राची पुसट सावली नव्या चित्रामागे उरते. पडदा वरून खाली क्रमाने पालटत जातो, दिवा मात्र बहुधा सर्वत्र एकदम लागतो. म्हणून मध्यभाग स्वच्छ असूनही वरच्या किंवा खालच्या कडेला जुळी प्रतिमा दिसते. अर्थात पालटकाल कमी असणे निरर्थक नाही. तो स्थितिकाल कमी करण्याची पूर्वअट आहे. तो कमी करण्यासाठी उत्पादक ‘ओव्हरड्राइव्ह’ची सोय देतात. त्यात स्फटिकाला आवश्यकतेहून अधिक दाबाचा धक्का दिला जातो. धक्का अती झाला तर छटा मुक्कामापलीकडे जाऊन परत येते व आकृतीमागे उलट्या छटेची, फिकट किंवा काळपट कड उमटते. पडद्याच्या सूचीत या सोयीच्या तीन-चार पायऱ्या असतात. सर्वांत वरची पायरी जाहिरातीतील आकड्यासाठी आणि मधली प्रत्यक्ष वापरासाठी, असा अनुभव पुष्कळदा येतो.

ओलेड पडद्यांत पालटकाल मिलिसेकंदाच्याही अंशाएवढा असतो, आणि म्हणून त्यांत धूसरता नसतेच असे बोलले जाते. या समजुतीच्या मुळाशी तोच शब्दगोंधळ आहे. १२० हर्ट्झच्या ओलेड पडद्याचा स्थितिकाल ८.३ मिलिसेकंदच असतो. जुन्या चित्राची सावली तेथे उरत नाही हे खरे. पण नजरेचा फराटा तेथेही पडतो. २०२४ साली आलेल्या ४८० हर्ट्झच्या ओलेड पडद्यांचे चित्र स्वच्छ दिसते ते पालट शीघ्र आहे आणि स्थितिकालही २.१ मिलिसेकंदांवर आला आहे, या दोन्ही कारणांनी.

धूसरतेचा आणखी एक प्रकार येथे वेगळा काढावयास हवा, कारण तो पडद्यात नसतो आणि डोळ्यातही नसतो. कर्जत–चौक परिसरात नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’ या चित्रपटाचे भव्य देखावे रचले गेले होते. अशा चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे घेतली जातात आणि प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्याची झडप सामान्यतः सेकंदाचा ४८ वा भाग उघडी असते. तेवढ्या वेळात धावणाऱ्या घोड्याचा पाय जेवढा सरकेल तेवढा तो फिल्मवरच फराटलेला उमटतो. ही धूसरता चित्रातच नोंदलेली असल्याने कोणताही पडदा ती काढू शकत नाही, आणि काढावी असेही नाही. चोवीस चित्रांची तुटकता तिच्यामुळेच झाकली जाते. संगणकीय खेळांत याचे अनुकरण म्हणून चित्र तयार करतानाच कृत्रिम फराटा मिसळण्याची सोय असते, तिलाही ‘मोशन ब्लर’ असेच म्हणतात. ती बंद करण्यास एक पैसाही पडत नाही. नवा पडदा घेण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम तिकडे पाहावे हे उत्तम.

त्यानंतर संगणकाच्या मांडणीत रिफ्रेश रेट खरोखरच पडद्याच्या कमाल आकड्यावर ठेवला आहे की ६० वरच राहिला आहे, हे तपासावे. तो ६० वर राहून गेल्याची उदाहरणे विरळ नाहीत. मग संगणक त्या खेळात सेकंदाला किती चित्रे देतो ते पाहावे, आणि तो आकडा पडद्याच्या दराच्या आसपास नसेल तर चित्राची सजावट कमी करून तो वाढवावा. दिवा लुकलुकविण्याची सोय असल्यास संगणक न चुकता देऊ शकेल असा दर, उदाहरणार्थ १०० किंवा १२०, पडद्यावर निश्चित करून मगच ती सुरू करावी; २४० च्या हट्टाने दर डळमळीत ठेवण्यापेक्षा स्थिर १२० अधिक स्वच्छ दिसतो. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवून एखादी सरकती मजकुराची ओळ नजरेने पाठलाग करीत वाचून पाहावी. नजर स्थिर ठेवून केलेली परीक्षा येथे निरुपयोगी होय.

दिवा लुकलुकतो आहे की नाही, याची परीक्षा ट्यूबलाइटखालच्या पेन्सिलीनेच होते. कोरा पांढरा पडदा समोर ठेवून अंधाऱ्या खोलीत त्याच्यापुढे पेन्सिल झपाट्याने हलवावी. सलग पट्टा दिसला तर दिवा अखंड आहे. पेन्सिलींची सुटी रांग दिसली तर तो खंडित आहे, आणि रांगेतील प्रत्येक पेन्सिल जितकी रेखीव तितका स्थितिकाल कमी. दुकानात पडदा निवडताना हे दोन मिनिटांत करून पाहता येते.